काय म्हणू लालंय हे लेकरू? पोरांच्या भाषेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी २६ वर्षं मराठी शिकवतेय. पालकसभेत पूर्वी लोक विचारायचे, "मॅडम, पोरगं अभ्यास करतंय का?" आता विचारतात, "मॅडम, पोरगं बोलतंय काय?" लग्नाच्या मांडवात, एसटीच्या सीटवर, किराणा दुकानात तोच विषय. एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून इथं एकदाच लिहून टाकलं. काही उत्तरं लांबली, काही दोन ओळींत आटोपली. प्रश्नच तसे होते.

माझा मुलगा मला, सख्ख्या आईला, ‘ब्रो’ म्हणतो. हा अपमान समजायचा का?

नाही. त्याच्या तोंडात ‘ब्रो’ हा ‘अगं’, ‘अरे’, ‘आवं’ यांच्या जागी बसलाय. वाक्य सुरू करायला एक टेकू लागतो, तेवढंच त्याचं काम. आणि नाती उलटीपालटी करण्यात आपणच वस्ताद आहोत. आपल्याकडं आई लेकीला ‘ये माय’ म्हणून जवळ घेते, रडणाऱ्या लेकराला ‘उगी, उगी माझ्या बाबा’ म्हणते, आणि साप दिसला की मिशीवाले आजोबासुद्धा ‘माय माय माय’ करत मागं सरतात. लेक आई झाली, तान्हं पोर बाप झालं, त्याला कधी कुणी हरकत घेतली नाही. मग आई भाऊ झाली तर एवढं काय बिघडलं?

आमच्या गल्लीतल्या एका आजींना कमी ऐकू येतं. नातू दर वाक्याला ‘ब्रो’ म्हणायचा, त्यांना ते ‘बरं’ ऐकू यायचं. ‘पोरगं लई सुधारलं बाई, काही सांगितलं की बरं म्हणतंय,’ असं त्या दारोदार सांगत होत्या. आम्ही कुणीच त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

तरी खटकत असेल तर ‘मला ब्रो म्हणू नको, आवडत नाही’ एवढं सरळ सांगा. त्याला संस्कारांचं भाषण जोडू नका. भाषण झालं की तोच शब्द मुद्दाम येतो.

सध्या चालणारे शब्द आणि त्यांचे अर्थ एकदा सांगाल का?

सांगते, पण तुम्ही हे वाचेपर्यंत निम्मे शिळे झालेले असतील.

‘वाढीव’ म्हणजे भारी, नेहमीपेक्षा जास्तीचं. नवीन शर्ट घातला की ‘वाढीव दिसायलास’. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो थेट सरकारी कागदातून उचललाय. आम्हा शिक्षकांना ‘वाढीव’ म्हटलं की टप्पा अनुदान आठवतं, शेतकऱ्याला वाढीव मुदत, बायकांना वाढीव वीजबिल. पोरांनी त्या रडक्या शब्दाला थेट वरातीत नाचायला लावलं.

‘लोड घेऊ नको’ म्हणजे टेन्शन घेऊ नको. याची मुळं बाहेर शोधायची गरज नाही. ज्या गावात डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड आला की डीपी जळते आणि मग आठ-आठ दिवस मोटार बंद राहते, त्या गावच्या पोराला डोक्यावरचा लोड समजावून सांगावा लागत नाही.

‘विषय हार्ड’ म्हणजे गोष्ट दमदार आहे. ‘विषय एंड’ किंवा ‘विषय कट’ म्हणजे पुढं बोलायचं नाही. ‘शिस्तीत’ म्हणजे झोकात, नीट, रुबाबात. आम्ही शिस्त लावायला छडी झिजवली, आणि ही पोरं केस ‘शिस्तीत’ कापून येतात. ‘क्रिंज’ म्हणजे दुसऱ्याचं वागणं बघून आपल्यालाच लाज वाटणं. वरातीत डीजेसमोर वडील रुमाल दातात धरून नाचायला लागले की मुलीच्या पोटात जे होतं, ते क्रिंज. ‘ओपी’ आणि ‘नूब’ मोबाइलवरच्या गेममधून आले: ओपी म्हणजे ज्याच्यापुढं कुणी टिकत नाही तो, नूब म्हणजे कच्चं लिंबू. ‘ऑरा’ म्हणजे वट, फक्त गुणांमध्ये मोजलेली. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर घसरून पडला तर मागून आवाज येतो, ‘मायनस हजार ऑरा.’ ‘रिझ’ म्हणजे समोरच्यावर छाप पाडायची हातोटी. ऑक्सफर्डनं २०२३ चा शब्द म्हणून हाच निवडला होता. ‘डेलुलू’ म्हणजे मनात मांडे खाणारा माणूस, आणि २०२५ साली तो केंब्रिजच्या शब्दकोशात जाऊन बसला. मांडे मात्र आपलेच चांगले.

‘सिक्स सेव्हन’ म्हणजे नेमकं काय? मुलगा दिवसभर तेच ओरडतो आणि दोन्ही हात वर-खाली करतो.

काहीच नाही. अमेरिकेतल्या एका रॅप गाण्यातले ते दोन आकडे आहेत. तिथून व्हिडिओंमध्ये गेले आणि तिथून तुमच्या ओसरीवर आले. डिक्शनरी डॉट कॉम या शब्दकोशानं २०२५ चा शब्द म्हणून चक्क हे ‘६७’ निवडलं, आणि त्याचा पक्का अर्थ त्यांनाही सांगता आला नाही. तुम्ही अर्थ विचारता, तो हसतो, एवढाच त्याचा उपयोग. ‘अटक मटक चवळी चटक’चा अर्थ तुमच्या आजीनं तुम्हाला कुठं सांगितला होता? ‘अडगुलं मडगुलं’चा?

शाळेत पाढे म्हणताना सहा साता आले की पूर्ण वर्ग फुटतो, हा त्रास तेवढा खरा. मी आता बेचाळीसवर येऊन थांबते, त्यांना हसू देते, मग पुढं जाते.

मी ‘मामांना ॲडमिट केलंय’ असा मेसेज टाकला, मुलीनं हाडाची कवटी पाठवली. घाबरून गेलो.

तिनं मेसेज अर्धाच वाचला असेल किंवा आधीच्या विनोदाला उत्तर दिलं असेल. त्यांच्यात कवटीचं चित्र म्हणजे ‘हसून हसून मेले’. आपण तोंडानं हेच म्हणतो, त्यांनी चित्र काढलं. उलट तुम्ही जो अंगठा पाठवता, तो त्यांना ‘बरं, आता जा’ असा कोरडा वाटतो. आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिलात तर तुम्ही रागावलात असं ही पोरं समजतात. मी आयुष्यभर पूर्णविरामाचे मार्क कापले. आता घरी मुलाला मेसेज करताना पूर्णविराम देत नाही.

हे शब्द येतात तरी कुठून? आमच्या गावात तर धड रेंज नसते.

चार वाटांनी. पहिली वाट पश्चिम महाराष्ट्राची. ‘नाद खुळा’ कोल्हापूरचा, पण तो आता हिंगोलीतल्या ट्रॅक्टरच्या मागंही रंगवलेला दिसतो. दुसरी वाट मुंबईच्या टपोरी भाषेची. ती आमच्या वेळेपासूनच हिंदी सिनेमातून येते. तिसरी वाट गेमची. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, पण त्यातले शब्द बंदी जुमानत नाहीत. चौथी वाट रील्सची. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ चिनी ॲप बंद केले, त्यात टिकटॉक होतं. आमच्या शाळेतली दोन पोरं त्या रात्री घरी जेवली नव्हती. पुढच्या महिन्यात ती इन्स्टाग्रामवर होती, आणि भाषा तर पहिल्यापेक्षा दुप्पट वेगानं येऊ लागली.

पाचवी वाट आपण विसरतो, कारण ती आपल्या पायाखाली आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभार उर्दूत चालायचा. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं उच्च शिक्षणाचं माध्यमच उर्दू होतं. आमच्या आजोबांच्या पिढीतले शिकलेले लोक दस्त उर्दूत वाचायचे, हिशेब मोडीत मांडायचे आणि भांडण मराठीत करायचे. आजही जमिनीच्या वादात खासरा पत्रक निघतं, पहाणीपत्रक निघतं. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागात मराठी घरातली पोरं ‘नक्को’, ‘कायकू’, ‘हौ ना भाई’ असं दखनी उर्दू सहज बोलतात आणि घरात शिरल्यावर मराठीवर येतात. आपण ‘बेजार’ होतो, ‘जल्दी’ करतो, ‘यार’ म्हणतो, आणि वरून मुलांना सांगतो की शुद्ध मराठी बोला. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं लिहिली ती रस्त्यावरच्या माणसांच्या तोंडच्या बोलीत. त्यांच्या रचनांमधला तुर्क तर दखनी वळणाचंच बोलतो. संस्कृत देवानं केली म्हणता, मग प्राकृत काय चोरांनी केली, असं त्यांनी विचारलं होतं. उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

आमच्या काळी असलं काही नव्हतं.

हा प्रश्न नाही, पण सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. तेव्हा विचारते मी: तुमचा कधी ‘पोपट’ झाला नाही? ‘पचका’? तुम्ही ‘कल्टी’ मारली नाही, ‘भाव’ खाल्ला नाही, कॉलेजला ‘दांडी’ मारली नाही? ‘बंडल’ हाणली नाही? यातले निम्मे शब्द आज बातमीच्या मथळ्यात येतात आणि कुणाच्या भुवया हलत नाहीत. तेव्हा तुमचे वडील याच शब्दांवर डाफरले होते.

आणि च-ची भाषा? पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं, त्याच्या जागी च बसवायचा: ‘चलाम चाणीप चेद’, म्हणजे ‘मला पाणी दे’. आईला कळू नये म्हणून आम्ही बहिणी रात्री गच्चीवर हे बोलायचो. आई खालून ओरडली, ‘चपाणी... का काय ते, माठात हाय, घ्या अन् झोपा.’ तिलाही तिच्या वेळी येत होती म्हणे.

मोठ्यांपासून लपवायची भाषा ही काही या लेकरांनी काढलेली टूम नाही. महानुभाव पंथीयांनी तर आपल्या पोथ्या शेकडो वर्षं सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये जपल्या, बाहेरच्याला वाचता येऊ नयेत म्हणून. त्यांचं कारण मोठं होतं आणि पोरांचं छोटं असतं, हे मान्य. पण ‘हे आपलं आहे, तुमचं नाही’ ही ओढ दोन्हीकडं आहे.

मुलगी पुण्यात शिकायला आहे. सुट्टीत आली की आम्ही ‘करायलो’, ‘जायलो’ म्हटलं की हसते. तिच्या इंग्रजी-बिंग्रजीचं काही नाही, पण हे लागतं.

लागणारच. या प्रश्नाला मी थांबून उत्तर देणार आहे.

बी.एड.ला मी पुण्यात होते. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, ‘पाठाचं टाचण झालं का?’ मी उठून म्हटलं, ‘सर, लिहू लालेय.’ वर्ग हसला. सरही हसले, आणि फळ्याकडं वळून म्हणाले, ‘लाले की लाल?’ मग पुन्हा हसले. त्यानंतर वर्षभर मी प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन घ्यायचे. ‘कामून’ आला की गिळायचा, ‘का बरं’ बाहेर काढायचा. ‘मला जाऊ वाटतंय’ म्हणायचं असायचं, तोंडातून ‘जावंसं वाटतंय’ यायचं. वर्षाच्या शेवटी मला छान बोलता येऊ लागलं होतं आणि मी कमी बोलू लागले होते.

‘करू लालो’ ही चूक नाही. क्रिया आत्ता चालू आहे हे सांगायची ती आपली रीत आहे. नांदेड-परभणीकडं ‘करू लालो’, लातूर-धाराशिवकडं ‘करायलो’. त्यालाही नियम आहेत: तो करू लालाय, ती करू लालीय, ते करू लालंय. कुणी मोडले तर पाच वर्षांचं पोरही हसतं. पुण्याची रीत पुस्तकात गेली, आपली गेली नाही. फरक एवढाच, आणि तो भाषेचा नाही, छापखाना कुठं होता त्याचा आहे.

म्हणून पोरांच्या भाषेला हसणारे मराठवाड्यातले पालक पाहिले की मला त्या वर्गाची आठवण येते. ज्यांना स्वतः कुणीतरी ‘गावंढळ’ म्हणून गप्प केलं, तेच घरी येऊन चौदा वर्षांच्या लेकराला ‘ही काय भाषा झाली?’ म्हणतात. शब्द वेगळे आहेत, हसू तेच आहे.

तुमच्या मुलीवर रागावू नका. पुण्यात तिच्यावर कुणीतरी हसलंय, आणि ती ते घरी आणून टाकतेय. एकदा तिला विचारून पाहा, पहिल्या महिन्यात काय झालं होतं. माझ्या एका विद्यार्थिनीला तिच्या वडिलांनी असं विचारलं, तर ती रडली. आता होस्टेलवरून फोन आला की ती हटकून ‘काय करायलाव बाबा?’ म्हणते, रूममेटसमोर, मोठ्यानं.

मुलं परीक्षेत असं लिहितात का?

क्वचित. त्यांना कुठं काय चालतं ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. दहावीच्या ८० गुणांच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत आजवर एकदाच मला पत्राच्या शेवटी ‘आपला कट्टर विद्यार्थी’ सापडलं. खरा घोळ वेगळाच आहे: ऱ्हस्व-दीर्घ, आणि रोमन अक्षरांत मराठी टाइप करून करून ‘ळ’ विसरणं. ‘बाळ’चा ‘बाल’ होतो, ‘शाळा’ची ‘शाला’. त्याची काळजी करा.

मग सगळंच चालवून घ्यायचं का? शिवी आणि ही भाषा यात रेघ कुठं मारायची?

सगळं नाही. माझी रेघ सरळ आहे: शब्द बोलणाऱ्याला मोठं करत असेल तर मी गप्प बसते, समोरच्याला छोटं करत असेल तर तास थांबवते. ‘मायला’, ‘आयला’ यावर मी ऊर्जा घालवत नाही. ते तोंडातून पडणारे आहेत, कुणावर फेकलेले नसतात. ‘आयटम’, ‘माल’ हे मुलीबद्दल आले की थांबवते. ‘जाड्या’, ‘काळ्या’ आले की थांबवते, जरी पालकच घरी लाडानं तेच म्हणत असले तरी.

‘छपरी’ हा शब्द घ्या. रंगवलेले केस, फाटकी जीन्स, जोरात बाइक, की झाला तो छपरी. पोरांना वाटतं गंमत आहे. पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद नावाचा समाज आहे, घरांची छपरं शाकारणं हे त्यांचं काम. पोरांच्या मनात ते नसतंच, हे मला ठाऊक आहे. पण ‘छपरी’ म्हणताना ते हसतात कुणाला, ते बघा: ज्याचा शर्ट स्वस्त, ज्याचे केस नाक्यावरच्या दुकानात रंगवलेले, ज्याच्या गाडीचे हप्ते थकलेले. वर्गात एकदा मी फक्त विचारलं, ‘आपल्यापैकी कुणाकुणाचं घर पत्र्याचं आहे?’ अर्ध्याहून जास्त हात वर आले. त्या तुकडीत तो शब्द परत ऐकला नाही, निदान माझ्या समोर तरी.

जातीवरून चिडवणं मात्र चर्चेचा विषयच नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि ‘गंमत केली’ हे उत्तर तिथं उपयोगाला येत नाही. अठराच्या आतल्या मुलाला बाल न्याय मंडळासमोर उभं राहावं लागू शकतं. हे मी दरवर्षी जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगते, भीती घालायला नव्हे. त्यांना खरंच माहीत नसतं म्हणून.

मुलाच्या स्टेटसला ‘भाई’, ‘किंग’, ‘कट्टर’ आणि पुढं जातीचं नाव. हे वय आहे म्हणून सोडून द्यावं?

‘भाई’ आणि ‘किंग’ सोडून द्या. ज्याला घरात भाकरीबरोबर चटणी की ठेचा हेही विचारलं जात नाही, तो मोबाइलमध्ये राजा होतो. होऊ द्या. फक्त वाढदिवसाला तलवारीनं केक कापून रील टाकायचा बेत असेल तर आधीच अडवा. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे, आणि पोलिसही रील बघतात.

‘कट्टर’ सोडून देऊ नका. २०२३ पासून आरक्षणाच्या वादात मराठवाड्यात जे झालं, ते बाकांपर्यंत आलंय. पहिलीपासून एका डब्यात जेवणारी दोन पोरं नववीत वेगळी बसायला लागली. विचारलं तर म्हणाली, ‘काही नाही मॅडम, स्टेटसवरून.’ स्टेटस त्यांनी लिहिलेलंही नव्हतं, कुठून तरी आलेलं पुढं ढकललं होतं. आणि बहुतेक वेळा ते ‘कुठून तरी’ म्हणजे घरातल्याच मोठ्या माणसाचा फोन असतो. इथं पोराची भाषा तपासण्याआधी बापानं आपलं स्टेटस बघावं, असं मी पालकसभेत बोलले. दोन पालक उठून गेले.

मुलगी ‘भावा’ म्हणते, ‘राडा’ म्हणते. मुलीला शोभतं का?

मुलाला शोभतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत.

शिक्षकांनी मुलांशी त्यांच्या भाषेत बोलावं का?

मी करून बघितलं. आठवीतल्या एका मुलीच्या निबंधाखाली लाल पेननं ‘वाढीव!’ लिहिलं. तिनं वही सगळ्यांना दाखवली, खूश झाली. दुसऱ्या दिवसापासून तो शब्द त्या वर्गातून गेला. मॅडमनी वापरलेला शब्द म्हणजे दुसऱ्यानं चोखलेली गोळी. एखादा शब्द तुम्हाला फारच डोक्यात जात असेल तर हा रामबाण उपाय आहे. मुख्याध्यापकांनी स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात घेतला तर शाळाभर मरतो.

मोबाइल काढून घेतला तर भाषा सुधारेल का?

नाही. बाकावर शेजारी बसणाऱ्याचा मोबाइल आहे ना.

मुलगा लातूरला नीटच्या क्लासला आहे. फोनवर ‘डेड झालोय’, ‘संपलो’, ‘खल्लास’ असं बोलतो. हे पण स्लँगच का?

बहुतेक वेळा हो. माझा मुलगाही दोन वर्षं तिथंच होता, म्हणून हे मी मास्तरीण म्हणून नाही, आई म्हणून सांगते. बोर्डाच्या गुणवत्ता यादीनं लातूर पॅटर्न गाजवला, आता ‘पॅटर्न’ हा तिथल्या पोरांचा स्वतःचाच शब्द झालाय: ‘ते पोरगं वेगळंच पॅटर्न आहे.’ जो दुसऱ्यांदा परीक्षा देतो तो ‘रिपीटर’, आणि ते आडनावासारखं चिकटतं. ७२० पैकी किती, हे तिथं नावाच्या आधी विचारतात. अशा ठिकाणी १८० प्रश्नांचा पेपर सोडवून आलेलं पोर ‘डेड’ म्हणालं तर ते दमलंय, भूक लागलीय, मेसची भाजी पुन्हा तीच आहे.

ऐकायचं ते शब्दाकडं नाही, त्याच्या आजूबाजूला. ‘डेड झालो’ म्हणून पुढं मित्रांच्या खोड्या सांगत असेल तर ठीक आहे. पण शब्द तेच आणि हसू गेलंय, जेवण कमी झालंय, रात्री दोनला ऑनलाइन दिसतोय, आवडती वस्तू मित्राला देऊन टाकली, ‘माझ्यामुळं तुमचा पैसा गेला’ असं आडून बोलतोय, तर बस पकडा आणि जा. फोनवर समजावत बसू नका. तोवर त्याच्याशी बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलतात. आणि तिथं पोचल्यावर पहिला प्रश्न मार्कांचा विचारू नका. माझ्याकडून विचारला गेला होता. तो खाली बघून म्हणाला, ‘आई, जेवलीस का तू?’

या सगळ्यात आपली मराठवाडी बोली मरणार का?

‘ब्रो’नं नाही मरणार. ‘ब्रो’ येईल आणि जाईल. मला काळजी वाटते ती वेगळ्या शब्दांची: ‘इस्तू’ म्हणजे विस्तव, ‘माळवद’ म्हणजे मातीचं सपाट छत, ‘मोप’ म्हणजे भरपूर. माझ्या वर्गात आता माळवद म्हणजे काय ते चौघांना सांगता येतं, आणि तेही आजीच्या घरात राहणाऱ्या. माळवदाची घरं गेली तसा शब्द गेला. चूल गेली, इस्तू गेला. त्याला रील जबाबदार नाही. आणि ‘कामून’सारखे जे शब्द अजून तग धरून होते, ते आपणच मुलांसमोर बोलणं सोडलं. इंग्रजी शाळेत घातल्यावर घरात ‘व्हाय’ सुरू केलं, किंवा पाहुण्यांपुढं ‘का बरं’. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या शाळेत ढोल वाजले. त्याच कार्यक्रमात आभार मानताना एका मुलानं ‘आमी समदे’ म्हटलं, आणि स्टेजवर बसलेल्या मोठ्या माणसांनी हसू दाबलं. मी बघितलं.

तुम्हाला स्वतःला यांच्या भाषेतलं काय आवडतं?

मागच्या महिन्यात परभणीहून जिंतूरच्या गाडीत बसले होते. पुढच्या सीटवर अकरावी-बारावीतलं एक पोर फोनवर मित्राची समजूत काढत होतं. बहुतेक कुणीतरी नापास झालं होतं, किंवा कुणीतरी नकार दिला होता. गाडी खड्ड्यातून चाललेली, त्याचा आवाज वर-खाली होत होता. ‘ब्रो,’ ते म्हणालं, ‘तू लोड कामून घेऊ लालास? मी हाव ना.’

मी पर्समधून डायरी काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.